इंग्रजी अलंकार: ओळखायचे कसे, वापरायचे कसे

नावांची यादी पाठ करून इंग्रजी अलंकार येत नाहीत. बारावीच्या इंग्रजीच्या पेपरात कवितेची ओळ देऊन अलंकार ओळखायला आणि स्पष्ट करायला सांगतात, तेव्हा यादी घोकून आलेली मुलंही अडतात. 'लाइक' दिसलं की सिमिली, 'ओ' दिसला की अपॉस्ट्रफी, अशा खुणांवर पहिले दोन-चार अलंकार निघतात आणि मग गाडी थांबते. त्यापुढे एकच युक्ती चालते: समोरचं वाक्य आधी सरळ, कोरडं करून पाहायचं आणि मूळ वाक्यात त्यापेक्षा जास्तीचं काय केलंय ते शोधायचं. नाव सगळ्यात शेवटी.

या लेखात इंग्रजी उदाहरणं देवनागरीत लिहिली आहेत. त्याचा एक फायदाच आहे, तो नादाच्या अलंकारांपाशी कळेल.

पायरी १: वाक्य कोरडं करा आणि कप्पा ठरवा

घाटातल्या एका बसबद्दलची ही तीन वाक्यं घ्या.

'द ओल्ड बस कॉफ्ड इट्स वे अप द घाट.' कोरडं वाक्य असं: जुनी बस आवाज करत, अडखळत घाट चढली. मूळ वाक्यातलं खोकणं बसचं नाही, माणसाचं आहे. म्हणजे फेरफार शब्दाच्या अर्थात झाला.

'द बस वॉज ओल्ड, द रोड वॉज ओल्ड, द ड्रायव्हर वॉज ओल्ड.' इथे प्रत्येक शब्द आपल्या रोजच्या अर्थानेच आलाय. कोरडं करताना 'तिन्ही जुने' एवढंच म्हणून भागलं असतं, तिथे तेच शेपूट तीनदा लावलंय. फेरफार रचनेत.

'द बस बम्प्ड अँड बँग्ड बियाँड द ब्रिज.' अर्थ सरळ, रचना सरळ, पण ब-ब-ब असा ठेका. फेरफार नादात.

अर्थ, रचना, नाद. प्रत्येक इंग्रजी अलंकार या तीनपैकी निदान एका कप्प्यात बसतो, कधी दोनांत. आपल्या मराठी व्याकरणात शब्दालंकार आणि अर्थालंकार असे दोनच गट शिकवतात. रचनेच्या अलंकारांचा मोठा गट इंग्रजीत ग्रीक-लॅटिन वक्तृत्वशास्त्रातून आला आणि त्यातल्या बहुतेकांना शाळेच्या पुस्तकात मराठी नाव नाही. म्हणून सिमिली-मेटाफर ओळखीचे वाटतात, पण अँटिथिसिस किंवा कायॅझमस म्हटलं की परक्या गावात आल्यासारखं होतं. वस्तुतः आपण रोजच्या बोलण्यात हे सगळे वापरतो, फक्त नाव घेत नाही.

पायरी २: अर्थाचा फेरफार असेल तर दोन बाजू शोधा

उपमेय कोणतं, उपमान कोणतं, दोघांत सारखं काय आणि ते सारखेपण सांगणारा शब्द आहे का, हे चार प्रश्न मराठीत शिकलो तेच इथे विचारायचे. सारखेपण सांगणारा 'लाइक' किंवा 'अ‍ॅज' असेल तर सिमिली, नसेल आणि एक वस्तू थेट दुसरीच मानली असेल तर मेटाफर. इथपर्यंत उपमा आणि रूपक.

पण दोन ठिकाणी गफलत होते. पहिली, 'लाइक' आणि 'अ‍ॅज' हे शब्द इंग्रजीत दहा कामं करतात. 'शी वर्क्स अ‍ॅज अ नर्स' यात तुलना नाही, ती खरंच नर्स आहे. 'ही लुक्स लाइक हिज फादर' यात तुलना आहे, पण माणसाची माणसाशी, तीही खरीखुरी. सिमिलीसाठी दोन वस्तू वेगळ्या जातीच्या हव्यात. 'ही ईट्स लाइक अ स्पॅरो' म्हटलं की ती झाली. दुसरी गफलत उत्प्रेक्षेची. 'जणू', 'वाटे', 'भासे' असलं की मराठीत आपण वेगळं नाव देतो. इंग्रजीत तो वेगळा कप्पाच नाही, 'अ‍ॅज इफ' आणि 'अ‍ॅज दो' असलेली कल्पनाही बहुतेक वेळा सिमिलीतच धरतात. उत्प्रेक्षेला इंग्रजी प्रतिशब्द शोधत बसू नका.

निर्जीव वस्तू माणसासारखी वागली की पर्सॉनिफिकेशन, म्हणजे आपली चेतनगुणोक्ती. मग खोकणारी बस मेटाफर की पर्सॉनिफिकेशन? दोन्ही. पर्सॉनिफिकेशन हा मेटाफरचाच एक खास प्रकार आहे. परीक्षेत जास्त नेमकं नाव लिहावं. आणि कवी त्या वस्तूशी थेट बोलायलाच लागला, 'ओ विंड, व्हाय डू यू वीप?' असं, तर अपॉस्ट्रफी. वाऱ्याला रडायला लावल्यामुळे त्याच ओळीत पर्सॉनिफिकेशनही असतं. एका ओळीला एकच नाव असा नियम कुठेही नाही.

आता खरी अडचणीची जोडी: मेटॉनिमी आणि सिनेक्डकी. इथे मराठी व्याकरणातली लक्षणा कामाला येते. 'बाबा ताटावर बसले' म्हटल्यावर कोणी ताट वाकलं का असं विचारत नाही. 'घरावरून हत्ती गेला' म्हणजे कौलं फुटली नाहीत. शब्द एक, रोख शेजारच्या वस्तूवर. इंग्रजीत या शेजारच्या नात्याला मेटॉनिमी म्हणतात: शेअर बाजारासाठी 'दलाल स्ट्रीट', ब्रिटिश राजसत्तेसाठी 'द क्राउन'. आणि सांगितलेली वस्तू मूळ वस्तूचा तुकडाच असेल तर सिनेक्डकी. 'घरात खाणारी तोंडं आठ' यात तोंड माणसाच्या अंगाचाच भाग. इंग्रजीतही 'एट माउथ्स टू फीड'. कसोटी सोपी आहे: सांगितलेली वस्तू मूळ वस्तूच्या अंगाला चिकटलेली आहे का? तोंड माणसाला चिकटलेलं आहे, मुकुट काढून ठेवता येतो. शंका उरलीच तर मेटॉनिमी लिहा, कारण सिनेक्डकीला तिचाच पोटप्रकार मानणारे बरेच आहेत.

ट्रान्सफर्ड एपिथेट ओळखायला विशेषणाकडे बघायचं. 'अ स्लीपलेस नाइट' यात झोप कोणाला लागली नाही? रात्रीला नव्हे, माणसाला. माणसाचं विशेषण शेजारच्या नामावर सरकलं. हे पर्सॉनिफिकेशन का नाही? कारण रात्र इथे काही करत नाही. ती कुजबुजली किंवा दाराशी येऊन उभी राहिली असती, तर ते नाव दिलं असतं.

ऑक्सिमोरॉन आणि पॅराडॉक्स या दोघांनाही आपल्याकडे विरोधाभासच म्हणतात, म्हणून गोंधळ. फरक लांबीचा आहे. एकमेकांना खेटलेले दोन विरुद्ध शब्द म्हणजे ऑक्सिमोरॉन: 'ओपन सीक्रेट', 'डेफनिंग सायलेन्स'. अख्खं विधान उलटसुलट वाटून नंतर पटलं की पॅराडॉक्स: 'द मोअर यू लर्न, द लेस यू नो.' गंमत म्हणजे ऑक्सिमोरॉन हा शब्द स्वतःच ऑक्सिमोरॉन आहे. ग्रीकमध्ये त्याचा पहिला भाग 'तीक्ष्ण' आणि दुसरा 'बोथट'.

हायपर्बली म्हणजे अतिशयोक्ती, तिच्यावर वेळ घालवायला नको. उच्चार मात्र चार तुकड्यांचा, हाय-पर-ब-ली, 'हायपरबोल' नव्हे. तिची उलटी बहीण लायटोटीज जास्त महत्त्वाची. नकार वापरून होकार सांगायचा: 'नॉट बॅड', 'नो स्मॉल अचीव्हमेंट'. मराठीत 'तो काही अगदीच वेडा नाही' म्हणतो तसं. ब्रिटिश माणसांबरोबर काम करणाऱ्यांना हा अलंकार पगाराइतकाच उपयोगी आहे. मेलमध्ये 'धिस इज नॉट क्वाइट व्हॉट वी हॅड इन माइंड' आलं, तर 'थोडासा फरक आहे' असं समजू नका. काम पसंत पडलेलं नाही.

आयर्नी म्हणजे व्याजस्तुती असं गणित बरेच जण मांडतात, ते अर्धंच बरोबर आहे. व्याजस्तुतीत स्तुतीआडून निंदा किंवा निंदेआडून स्तुती असते; आयर्नीचा आवाका मोठा, बोलल्याच्या उलट अर्थ असला की पुरे. यूफेमिझम तर आपल्या घराघरांत आहे: बांगडी फुटली न म्हणता वाढवली म्हणतो, इंग्रजीत 'डाइड'ऐवजी 'पास्ड अवे'.

पायरी ३: रचनेचा फेरफार असेल तर वाक्य खाली-वर मांडा

रचनेचे अलंकार डोळ्यांनी दिसतात, फक्त वाक्य एका ओळीत ठेवू नका. प्रत्येक तुकडा नव्या ओळीवर लिहा, सारख्या शब्दाखाली सारखा शब्द आणा. सुरुवातीचे शब्द परत येत असतील तर अ‍ॅनाफोरा, शेवटचे येत असतील तर एपिस्ट्रफी. गेटिसबर्गला १९ नोव्हेंबर १८६३ रोजी अब्राहम लिंकनने म्हटलेलं 'ऑफ द पीपल, बाय द पीपल, फॉर द पीपल' असं खाली-वर मांडलं की उजव्या बाजूला 'पीपल'चा खांब उभा राहतो: एपिस्ट्रफी.

एक वाक्यसमूह जवळून पाहण्यासारखा आहे, कारण तो एका मराठी माणसाने इंग्रजीत उभा केलाय. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणाले, 'इन पॉलिटिक्स वी विल हॅव इक्वॅलिटी अँड इन सोशल अँड इकॉनॉमिक लाइफ वी विल हॅव इनइक्वॅलिटी.' आता मांडा:

इन पॉलिटिक्स / वी विल हॅव / इक्वॅलिटी
इन सोशल अँड इकॉनॉमिक लाइफ / वी विल हॅव / इनइक्वॅलिटी

मधला खांब तोच, दोन्ही टोकं विरुद्ध. हा अँटिथिसिस. नुसते विरुद्ध शब्द वापरले म्हणजे अँटिथिसिस होत नाही. दोन्ही बाजूंची बांधणी सारखी लागते, म्हणजे मग विरोध नेमका सांध्यावर बसतो. इथे 'इक्वॅलिटी' आणि 'इनइक्वॅलिटी' यांत फक्त एका उपसर्गाचा फरक आहे आणि तोच वाक्याच्या अगदी शेवटी ठेवलाय.

पुढच्या वाक्यात ते राजकारणातलं तत्त्व सांगतात: 'वन मॅन वन व्होट अँड वन व्होट वन व्हॅल्यू.' पहिल्या तुकड्याचा शेवट 'वन व्होट', दुसऱ्याची सुरुवातही 'वन व्होट'. साखळीची कडी कडीत अडकवावी तशी ही रचना. तिचं नाव अ‍ॅनाडिप्लोसिस. खरी कमाल त्यानंतर आहे. सामाजिक आणि आर्थिक जीवनात आपण जे तत्त्व नाकारत राहणार, ते त्यांनी असं सांगितलं: 'वन मॅन वन व्हॅल्यू.' मधली 'व्होट'ची कडी काढून टाकली आणि दोन टोकं थेट जोडली. मतपेटी बाजूला केली की माणूस आणि त्याची किंमत एवढंच उरतं, आणि तेच नाकारलं जातंय. हे वाक्य कोरडं करून पाहा: 'सगळ्यांच्या मताला सारखी किंमत, पण सगळ्या माणसांना नाही.' माहिती तीच, पण कडी निखळल्याचा आवाज येत नाही. लगेच पुढे 'हाउ लाँग शॅल वी कंटिन्यू' अशी सुरुवात असलेले दोन प्रश्न लागोपाठ येतात: अ‍ॅनाफोरा, आणि उत्तराची अपेक्षा नसलेला ऱ्हेटॉरिकल क्वेश्चन. पाठ्यपुस्तकात यालाच इंटरोगेशन असं नाव दिलेलं आढळेल.

कायॅझमस ओळखायला दोन बोटं पुरतात. १९६१च्या जानेवारीत जॉन केनेडी यांनी शपथविधीच्या भाषणात म्हटलं, देश तुमच्यासाठी काय करू शकतो हे विचारू नका, तुम्ही देशासाठी काय करू शकता ते विचारा. इंग्रजी मुळात क्रम असा: कंट्री, यू, मग यू, कंट्री. पहिल्या 'कंट्री'वरून दुसऱ्या 'कंट्री'कडे आणि पहिल्या 'यू'वरून दुसऱ्या 'यू'कडे रेघ ओढा. रेघा फुलीसारख्या एकमेकींना छेदतात. ग्रीक लिपीतलं 'काय' हे अक्षर फुलीसारखं, त्यावरून हे नाव.

तीनाच्या मांडणीला ट्रायकोलन म्हणतात. १३ मे १९४० रोजी विन्स्टन चर्चिलने ब्रिटिश संसदेत चार गोष्टी देऊ केल्या होत्या: 'ब्लड, टॉइल, टीअर्स अँड स्वेट.' लोकांच्या तोंडी उरल्या तीनच, 'ब्लड, स्वेट अँड टीअर्स'. तीनावर कान तृप्त होतो, चौथी गोष्ट गळून पडते. स्वतः लिहिताना हे लक्षात ठेवा.

पायरी चढत गेली तर क्लायमॅक्स, शेवटच्या पायरीवर धपकन खाली आणलं तर अँटीक्लायमॅक्स. मराठीतला सार अलंकार दोन्ही दिशा एकाच नावात घेतो, इंग्रजीत नावं दोन. आणि झ्यूग्मा: एकच क्रियापद दोन अर्थांनी दोन वस्तूंना जुंपायचं. 'ही लॉस्ट हिज अम्ब्रेला अँड हिज टेम्पर.' मराठीत 'त्याने दोन वडे आणि वर बापाची बोलणी खाल्ली' म्हणतो, तेव्हा आपणही तेच करतो. झ्यूग्माचा ग्रीक अर्थही 'जुंपणं'च.

पायरी ४: नादाचा फेरफार असेल तर देवनागरीत लिहून बघा

अ‍ॅलिटरेशन अक्षरांचं नसतं, आवाजाचं असतं. इंग्रजी स्पेलिंग इथे हमखास फसवतं. 'सिटी' आणि 'कॅट' यांचं पहिलं अक्षर एकच, आवाज वेगळे, अ‍ॅलिटरेशन नाही. उलट 'नाइफ', 'नी' आणि 'नेक' यांतल्या पहिल्या दोघांच्या स्पेलिंगमध्ये मुका 'के' आहे, तिसऱ्यात नाही, पण तिघांचा आवाज न-न-न. 'फोन' आणि 'फिश'चंही तसंच. म्हणून ओळ देवनागरीत उतरवा. जे पानावर दिसत नव्हतं ते दिसायला लागेल. मराठीत 'व' आणि 'व्ह' वेगळे लिहायची सवय असल्यामुळे 'विंड' आणि 'व्हॅली' यांचा फरकही सुटत नाही. यमकालाही हीच कसोटी: 'लव्ह' आणि 'मूव्ह' यांचं स्पेलिंग जुळतं, आवाज नाही. अशा यमकाला आय राइम म्हणतात, डोळ्यांपुरतं यमक.

ऑनोमॅटोपिया ओळखणं सोपं, वापरणं मराठी माणसाला अवघड. कारण आपल्याकडे या शब्दांची रेलचेल आणि वापरायची पद्धत वेगळी. आपण नादाचा शब्द क्रियापदाला जोडतो: पाणी झुळझुळ वाहतं, पाऊस धो धो कोसळतो. इंग्रजीत नाद बहुतेक वेळा क्रियापदातच असतो: 'द ऑइल सिझल्ड', 'द स्ट्रीम मर्मर्ड'. मराठीतून विचार करणारा 'द ऑइल वॉज मेकिंग सिझल-सिझल साउंड' असं लिहितो. क्रियापद शोधा, 'साउंड' हा शब्द काढून टाका.

पायरी ५: आता स्वतः लिहा

पुन्हा त्या बसकडे. 'जुनी बस घाट चढत होती' हे इंग्रजीत जिवंत करायचंय. कागदावर पाच उपमानं लिहा. पहिली दोन-तीन सुचतील ती सगळ्यांनाच सुचणारी: गोगलगाय, कासव, म्हातारा. ती खोडा. उरलेल्यांपैकी असं निवडा ज्याचा एक ठळक गुण तुमच्या वस्तूशी जुळतो. समजा दम्याचा पेशंट निवडला. पहिला खर्डा असा होईल: 'द बस वॉज लाइक अ‍ॅन अस्थमा पेशंट.' बरोबर आहे, पण मढं. तुलना नामात ठेवली की वाक्य थांबतं; ती क्रियापदात उतरवली की वाक्य चालतं. म्हणून: 'द बस कॉफ्ड अप द घाट.' आणि इथे पाय घसरतो. 'कॉफ अप' ही इंग्रजीत ठरलेली जोडी आहे, अर्थ खोकून बाहेर टाकणं किंवा नाइलाजाने पैसे काढून देणं. बसने घाटच ओकून टाकला असं काहीतरी वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येतं. 'कॉफ्ड इट्स वे अप द घाट' लिहिलं की अडचण मिटते. क्रियापदाचा मेटाफर केला की ते क्रियापद पुढच्या 'अप', 'आउट', 'ऑफ'शी मिळून भलताच अर्थ देत नाही ना, हे डिक्शनरीत बघायचंच.

दुसरी कसोटी नको असलेल्या गुणांची. उपमान आपल्याबरोबर सगळं बिऱ्हाड घेऊन येतं. घुबड मराठीत शिवी, इंग्रजीत शहाणपणाचं चिन्ह. गजगामिनी ही आपल्याकडे स्तुती. 'शी वॉक्स लाइक अ‍ॅन एलिफंट' म्हटलंत तर पुढची चहाची बोलावणी बंद. म्हणींचंही तेच. 'जखमेवर मीठ चोळणे' सरळ चालतं, इंग्रजीतही 'रब सॉल्ट इन द वूंड' आहे. पण 'ही एट माय हेड' वाचून इंग्रज घाबरेल. शब्दशः उतरवण्याआधी ती कल्पना इंग्रजीत आहे का ते तपासा. नसेल तर साधं वाक्य लिहा.

मिक्स्ड मेटाफर हा सगळ्यात हास्यास्पद आणि ऑफिसात सगळ्यात जास्त आढळणारा दोष. 'वी मस्ट आयर्न आउट द बॉटलनेक्स बिफोर दे स्नोबॉल.' इस्त्री, बाटलीची मान आणि बर्फाचा गोळा एका दमात. लिहिणाऱ्याला दोष दिसत नाही, कारण हे शब्द इतके झिजलेत की त्यांतलं चित्रच त्याला दिसत नाही. उपाय एकच: वाक्यातलं प्रत्येक चित्र हाताने काढायचं ठरवा. एकाच चित्रात बसत नसेल तर एक ठेवा, बाकीची काढा.

रचनेच्या अलंकारांत बिघडतं ते व्याकरण. 'शी लाइक्स रीडिंग, स्विमिंग अँड टू कुक' यात दोन खांब एका मापाचे, तिसरा वेगळा, ट्रायकोलन लंगडा. तिन्ही 'इंग' करा. अँटिथिसिसमध्ये तर एक छोटा आर्टिकलही घात करतो. जुलै १९६९मध्ये चंद्रावर उतरताना नील आर्मस्ट्राँगचं वाक्य ऐकू आलं ते असं: 'वन स्मॉल स्टेप फॉर मॅन, वन जायंट लीप फॉर मॅनकाइंड.' त्याला म्हणायचं होतं 'फॉर अ मॅन'. तो 'अ' नसला तर 'मॅन' म्हणजेही मानवजात आणि 'मॅनकाइंड' म्हणजेही मानवजात. एक माणूस विरुद्ध सगळी माणसं हा विरोधच नाहीसा होतो. मराठीत आर्टिकल नाही, त्यामुळे आपल्या हातून हा 'अ' सर्रास गळतो. जोडीच्या दोन्ही बाजूंची आर्टिकल्स मोजा.

भाषांतर करत असाल तर अलंकाराऐवजी परिणाम पोचवायचा. ८ ऑगस्ट १९४२ला मुंबईच्या गवालिया टँकवर गांधीजींनी दिलेला मंत्र हिंदुस्तानीत 'करेंगे या मरेंगे', इंग्रजीत 'डू ऑर डाय'. एकात यमक, दुसऱ्यात अ‍ॅलिटरेशन. यमक इंग्रजीत ओढून नेण्याचा हट्ट धरला असता तर मंत्राचं पोस्टर झालं असतं.

प्रमाणाबद्दल अंदाजे माप असं. दोनशे शब्दांच्या परिच्छेदात अर्थाचा एक ठळक अलंकार पुरे. अ‍ॅनाफोरा तीनदा, चौथ्यांदा लिहायचा असेल तर त्या ओळीत काहीतरी मोडा किंवा ती लांबवा. अ‍ॅलिटरेशन दोन-तीन शब्दांपलीकडे गेलं की जिंगल वाटतं. ऑफिसच्या मेलमध्ये बहुतेक वेळा शून्य, आणि आयर्नी तर अजिबात नको. तिला आवाजाचा सूर लागतो, तो मेलमध्ये नसतो. 'ग्रेट, लेट अगेन' हे वाचणाऱ्याला थट्टा वाटेल की चिडणं, यावर तुमचा ताबा राहत नाही.

पायरी ६: उत्तर लिहिताना

परीक्षेत नाव लिहून थांबू नका. दोन वाक्यं पुरतात: पहिल्यात नाव, दुसऱ्यात त्या ओळीत नेमकं काय झालं. सिमिलीत दोन्ही वस्तू, तुलनेचा शब्द आणि समान गुण. पर्सॉनिफिकेशनमध्ये कोणत्या वस्तूला माणसाची कोणती कृती दिली. अ‍ॅलिटरेशनमध्ये कोणता आवाज कोणकोणत्या शब्दांत आला. 'द पोएट मेक्स द पोएम ब्यूटिफुल' हे कुठल्याही अलंकाराखाली खपतं, म्हणूनच ते लिहून काही सिद्ध होत नाही.

आता पाच वाक्यं. उत्तरं झाकून ठेवा आणि आधी प्रत्येक वाक्य कोरडं करा.

१. द होल व्हिलेज केम टू द वेडिंग.
२. शी स्पेंट अ नर्व्हस मॉर्निंग आउटसाइड द इंटरव्ह्यू रूम.
३. ही कॉट अ कोल्ड अँड द लास्ट लोकल टू कर्जत.
४. द एक्झाम वॉज नो पिकनिक.
५. ही रन्स लाइक हिज ब्रदर.

पहिल्यात गाव म्हणजे गावातली माणसं: मेटॉनिमी. एखादं घर आलं नसेल तर सोबत हायपर्बलीही. दुसऱ्यात सकाळ घाबरलेली नाही, ती घाबरलीय: ट्रान्सफर्ड एपिथेट. तिसऱ्यात 'कॉट' एकच, पण सर्दी पकडली एका अर्थाने आणि लोकल दुसऱ्या: झ्यूग्मा. चौथ्यात नकारातून 'पेपर अवघड होता' हे सांगितलंय: लायटोटीज; पिकनिकमुळे मेटाफर लिहिलंत तरी चूक नाही. पाचव्यात 'लाइक' आहे, तुलनाही आहे, पण भावाची भावाशी. अलंकार नाही.